वाटणीचे वंगण

‘ट्रान्सफर’ हा शब्द कानावर पडला की आमच्या पेशातील माणसाला आधी बदली आठवते. शेतकऱ्याच्या घरात मात्र तो तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार वाटू शकतो. मे महिन्यात थोरल्या भावाचा फोन आला, ‘ट्रान्सफरचं काम काढलं, येऊन जाय’, तेव्हा मलाही तसेच वाटले. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. मेहकर तालुक्यातील आमच्या अकरा एकरांची वाटणी बोलण्यात झाली होती, कागदावर यायची होती. आणि माझा हिस्सा विकावा असे माझ्या मनात होते, हे दादाला कोठून तरी कळले होते. मी सातबाऱ्याचे उतारे घेतले, आधार कार्डाच्या प्रती काढल्या आणि निघालो. घरी पोचलो तेव्हा दादा अंगणात जीपखाली उताणा पडला होता. माझ्या हातातील फाईल त्याने खालूनच पाहिली.

‘हे कागद कायले आणले? घमेलं आण आधी.’

काम जीपच्या ट्रान्सफर केसचे होते.

ज्यांनी चारही चाकांना ओढ असणारी गाडी जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. साध्या गाडीत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून एकाच बाजूच्या चाकांकडे जाते. अशा जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागे जातो, एक पुढे. गिअरच्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या असतात. एक पुढची चाके जोडते, दुसरी वेग निम्म्याखाली आणून त्याच प्रमाणात जोर वाढवते. जुन्या विलिस घडणीत एक शहाणपणाची अट आहे : पुढची चाके जोडल्याशिवाय तो वाढीव जोर मिळत नाही. एकट्या मागच्या आसावर तेवढा भार पडू द्यायचा नाही, असा त्यामागचा विचार.

म्हणजे ही पेटी मुळात वाटणी करणारी आहे. पण तिची वाटणी सर्वत्र चालत नाही. आमच्या जीपसारख्या गाडीत पुढचा आणि मागचा आस जोडला की दोन्ही दांड्यांना एकाच गतीने फिरावे लागते. वळणावर मात्र पुढच्या चाकांना अधिक अंतर काटायचे असते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा ताण आपोआप सुटतो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ पेटीतील दात्यांवर येतो. म्हणून कोरड्या, टणक रस्त्यावर पुढची चाके सोडून द्यायची असतात. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबरी सडकेपासून गावापर्यंतच्या दोन किलोमीटरांत वर्षातले चार महिने या जोडणीला पर्याय नसतो.

या जीपच्या कुळातही एक वाटणी आहे. 1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी काढली. 1947 साली देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे 1951 मध्ये गव्हर्नर-जनरल. 1948 साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलिस जीपची जुळणी या कंपनीने हाती घेतली ती याच काळात. बाबांनी जुनी जीप विकत घेतली तेव्हा हे काही त्यांना ठाऊक नसावे. त्यांना शेतावर बियाणे न्यायचे होते आणि बाळंतिणींना मेहकरच्या दवाखान्यात पोचवायचे होते. गावात पोळ्याइतका मान त्या जीपला होता.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. गेल्या जुलैत एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. दादाने जीप काढली, पुढची चाके जोडली, तशी पेटीतून खडखड सुरू झाली. वाटेत ती अडकली तर आई चिखलात पडून राहील, या भीतीने त्याने जीप सोडली आणि बैल जुंपले. बैलगाडीतून डांबरी सडक, तेथून दुसऱ्याची गाडी. दवाखान्यात पोचायला दोन तासांहून अधिक लागले. आई वाचली. पण त्यानंतर ती शेतात गेलेली नाही. ओसरीपासून तुळशीपर्यंत चालते आणि बसते. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, तो ‘जीप वेळेवर दुरुस्त का केली नाही?’ असे दादालाच विचारले.

तर त्या दुपारी मी घमेले सरकवले आणि शेजारी आडवा झालो. दादा जीप सडकेपर्यंत फिरवून आला होता, कारण तेल कोमट असले की गाळासकट बाहेर येते. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरण्याचा बोल्ट उघडायचा. वरचा निघालाच नाही तर रिकामी झालेली पेटी भरणार कोठून? हा नियम दादाने मला शिकवला. पंचवीस वर्षे शिकवून मला तो सुचला नसता. मागच्या सीलातून तेल झिरपून हँडब्रेकच्या ड्रममध्ये गेले होते. या जीपमध्ये तो ड्रम पेटीच्याच पाठीवर असतो. गेली दोन वर्षे हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून आम्ही चाकाखाली दगड लावत होतो आणि त्याला जीपचा स्वभाव समजत होतो.

खालचा बोल्ट निघाला. गिअरचे तेल जुने झाले की काळे पडते. घमेल्यात उतरले ते काळे नव्हते. ताकासारखे पांढुरके होते, त्यावर पिवळसर धातूची बारीक चमक.

‘पाणी कुठून शिरलं असंल?’ दादा म्हणाला. तो मला विचारत नव्हता, घमेल्याकडे पाहून बोलत होता.

मला ठाऊक होते. त्याच्या आदल्या सप्टेंबरात मी सुट्टीवर असताना, पाणी उतरेपर्यंत थांब असे सांगितलेले असूनही, नाल्यात जीप घातली होती. मध्यावर इंजिन बंद पडले. अर्धा तास जीप पाण्यात उभी होती. दोघा पोरांनी ढकलून काढली, मी धुऊन पुसून आणून लावली आणि कोणाला काही बोललो नाही. जीप चालत होती. सांगण्यासारखे काही घडलेच नाही, असे मी ठरवून टाकले. पाणी मात्र पेटीत होते. दाते ते तेलात घुसळत राहिले, बेअरिंगांना गंज चढत राहिला.

जीपखाली आडव्या पडलेल्या दोन माणसांना एकमेकांची तोंडे नीट दिसत नाहीत. त्याचा मला उपयोग झाला. मी सगळे सांगितले. दादा बराच वेळ बोलला नाही. तेलाचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

‘त्याच दिवशी सांगतास,’ तो शेवटी म्हणाला, ‘तर हे त्याच आठवड्यात केलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं.’

यापेक्षा अधिक तो तेव्हाही बोलला नाही आणि नंतरही नाही. त्याने रागावायला हवे होते, असे मला अजून वाटते.

पुढचे काम सांगण्याजोगे आहे ते एवढेच : गिअरबॉक्सचे तेल आणि या पेटीचे तेल एकमेकांत झिरपू शकते, म्हणून दोन्ही रिकाम्या केल्या. डिझेल घालून खळबळून काढल्या. मेहकरच्या बाजारातून नव्वद नंबरचे तेल आणले. बाटलीवर ‘जीएल 4’ आहे ना, हे दादाने चष्मा लावून वाचले, कारण अधिक गंधकाचे तेल आतल्या पितळी भागांना खाते. पेटीत साधारण दीड लिटर बसते. भोकाच्या काठावरून थेंब ओघळला की भरली.

आमच्या भाषेत ‘वंगण’ हा शब्द मोटारीहून जुना. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालीत, ते करकर ऐकू आली की. म्हणजे गाडीच सांगत असे. ही बंद पेटी मात्र बिघडेपर्यंत बोलत नाही. ती उघडून पाहावी लागते. साहित्यात ‘न बोललेले’ या गोष्टीला आपण फार मोठे स्थान देतो, मीही वर्गात त्यावर तासन्‌तास बोलतो. त्या न बोलण्याची किंमत कधी तिसऱ्याच माणसाला द्यावी लागते, हे मला कोणत्याही ग्रंथाने इतके स्वच्छ सांगितले नव्हते.

पेटीचा आवाज पूर्णपणे गेला नाही. खाल्लेली बेअरिंगे तेलाने भरून येत नाहीत. ती पुढे बदलावी लागतील. पाणी शिरलेल्या पेटीत पहिले नवे तेलही थोडा ओलावा उचलते, म्हणून ते आठ-दहा दिवस चालवून पुन्हा काढून टाकायचे असते. दादाने हे सांगितले तेव्हा मी फाईल पिशवीत ठेवत होतो. ती त्या दिवशी उघडलीच नव्हती.

‘पुढच्या रविवारी येतो,’ मी म्हणालो.

‘येताना तेल तिकडूनच आण,’ तो म्हणाला. ‘स्वस्त पडते.’

ओसरीवरून आईने विचारले, ‘झालं का रे तुमचं?’ आम्ही दोघेही एकदमच ‘नाही’ म्हणालो.