खारें पाणी

वरठी हें आमचें गांव भंडारा जिल्ह्यांत, आगगाडीच्या वाटेवर आहे. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात तें यथार्थ होय. तलावास पाळ असते, पाळीस सांडवा असतो, आणि अधिक झालेलें पाणी सांडव्यावरून पुढील धानाच्या बांध्यांत उतरतें. ह्यावरून माझे वडील आम्हां मुलांस सांगत, "देणाऱ्याचें पाणी गोडें राहतें; जो नुसतें घेतो त्याचें खारट होतें." हें सांगतांना त्यांची दृष्टि आत्याकडे वळे. आत्या विसाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परतली होती. तिचें बोलणें कडवट. आम्ही मुलें तिच्या वाटेस फारशीं जात नसूं.

गतवर्षीं मीं बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहिलें. उल्का आदळून काळ्या खडकांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. कांठावर धारेचें गोडें पाणी बारमाही वाहतें, आणि खालीं सरोवर मात्र खारें! कारण साधें आहे. पाण्यास आंत येण्यास वाटा आहेत, बाहेर पडण्यास एकही नाहीं. उन्हानें पाणी तेवढें उडून जातें, क्षार मागें राहतात. असें हजारों वर्षें चाललें आहे. राजस्थानांतील सांभर सरोवर, किंवा समुद्रसपाटीहून ४०० मीटरांपेक्षांही खालीं, वाळवंटी खोऱ्यांत आटत चाललेला मृत समुद्र, ह्यांचीही हीच कथा. २००६ सालच्या उन्हाळ्यांत तर लोणारचें पाणी बहुतेक आटून तळाशीं क्षारांचे स्फटिक चकाकत होते.

परंतु तें पाणी निरुपयोगी नव्हे. पूर्वीं येथील क्षार साबण व कांच करण्याच्या कामीं येत. जून २०२० मध्यें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासलें. क्षारांतच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग ठरला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रामसर स्थळांच्या जागतिक यादींत लोणारचें नांव आलें.

घरीं परतल्यावर हें सारें मीं आत्याला सांगितलें. ऐंशी वर्षांची ती, तांदूळ निवडीत ऐकत होती. तिनें एकच विचारलें, "तें पाणी देत नाहीं, कीं त्याला वाटच नाहीं?"

"वाटच नाहीं," मी म्हणालों.

"मग दादा जन्मभर त्याला कां दोष देत होते?"

मी निरुत्तर झालों. साठ वर्षें ह्या घरांतील बाळंतपणें आणि आजारपणें तिनें काढलीं. तिला स्वतःला काय हवें, हें कोणीं विचारलें नव्हतें. त्या सायंकाळीं मीं प्रथमच विचारलें, "आत्या, तुला कोठें जावेंसें वाटतें?"

तिचे हात सुपांत थांबले. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "तें तळें मला दाखवशील?"