पटलं म्हणून शिकवलं

विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून जवळजवळ सपाट असतो. समोरून येणारे हवेचे दोन कण पंखाच्या पुढच्या कडेपाशी वेगळे होतात. एक वरून जातो, दुसरा खालून. मागच्या कडेला दोघांना एकाच वेळी पोहोचायचं असतं. वरच्याचा रस्ता लांबचा, म्हणून तो जास्त वेगाने धावतो. वेग वाढला की बर्नोलीच्या तत्त्वानुसार दाब कमी होतो, आणि खालचा जास्त दाब पंखाला उचलून धरतो. हे मी अकरावीच्या वर्गांना कितीतरी वर्षं शिकवलं. दोन कणांसाठी दोन रंगांचे खडू वापरायचो. मुलांना ते झटकन पटायचं. मलाही पटलेलंच होतं.

पंखावरून हवा वेगाने जाते आणि तिथे दाब कमी असतो, एवढं त्यात खरं आहे. दोघांनी एकाच वेळी पोहोचायचं ही मधली कडी मात्र कुणीतरी घुसडलेली आहे. एकदा ताटातूट झालेल्या दोन कणांनी पुन्हा भेटलंच पाहिजे, असा हवेला कुठलाही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातले होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 साली शिक्षकांसाठीच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. विंड टनेलमध्ये धूर सलग न सोडता तुटक सोडला, तर वरचा तुकडा खालच्याच्या बराच आधी मागच्या कडेपलीकडे गेलेला दिसतो. दोघांची गाठ पडतच नाही.

माझ्या वर्गात हा प्रश्न त्याच्या आधीच आला होता. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहून आलेल्या एका मुलाने विचारलं, "सर, विमान उलटं झालं की फुगीर बाजू खाली जाते. मग ते पडत का नाही?" मी म्हणालो, "त्याचा वेग फार असतो," आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं. उत्तर मला येत नव्हतं, आणि येत नाही हे त्या क्षणी मला कळलंही होतं. मुलगा गप्प बसला. त्याला गप्प बसवण्याची कला मात्र मला चांगली येत होती.

पुढे एकदा पेपर तपासताना कोऱ्या पुरवणीवर मी साधा हिशोब मांडला. तो मी पहिल्याच वर्षी मांडायला हवा होता. सेस्ना 172 हे चार आसनी विमान घ्या. भरलेलं वजन सुमारे 1100 किलो, पंखांचं क्षेत्रफळ 16.2 चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या वर आणि खाली साधारण 670 पास्कल दाबाचा फरक हवा. वेग ताशी 200 किलोमीटर धरला आणि वरचा रस्ता खालच्यापेक्षा 2 टक्के लांब धरला, तर माझ्या आकृतीप्रमाणे वरची हवा 2 टक्केच जास्त वेगाने जाणार. त्यातून मिळतात 75 पास्कल. साऱ्या पंखांवर मिळून उचललं जातं सव्वाशे किलो. वैमानिक आणि त्याची बॅग उचलली जाईल. विमान धावपट्टीवरच राहील. बर्नोलीचं सूत्र बरोबरच होतं. त्यात घालायचा वेग मी एका गोष्टीतून काढत होतो.

खरा मुद्दा आहे पंख समोरच्या हवेला कोणत्या कोनात भेटतो हा, ज्याला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. पंख हवेचा प्रवाह वाकवून खाली वळवतो. वळणाऱ्या प्रवाहात वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून पंखावर दाब कमी होतो आणि तिथली हवा वेग घेते. हवा खाली ढकलली गेली तेवढाच पंख वर ढकलला जातो, हा न्यूटनचा हिशोबही त्याच घटनेचा. फुगीरपणामुळे हे काम नीट आणि कमी खर्चात होतं, एवढंच त्याचं महत्त्व. कसरतीच्या कित्येक विमानांचे पंख वरून-खालून सारखेच असतात. उलट्या विमानाचा वैमानिक नाक थोडं वर धरून ठेवतो आणि पंखाला हवा तो कोन मिळतो. त्या मुलाला द्यायचं उत्तर इतकं सोपं होतं.

फळ्यावरच्या चुकीने कुणाचं हाड मोडत नाही. शाळेत एरोमॉडेलिंगचा वर्ग सुरू केल्यावर मात्र चुका जमिनीवर आपटायला लागल्या. थर्मोकोल आणि बाल्साचं पहिलं ग्लायडर आम्ही केलं तेव्हा गुरुत्वमध्य मी पंखाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर आणून ठेवला. तोल मध्यावर असावा हे कुणालाही पटेल. हातातून सुटताच ग्लायडरने नाक आभाळाकडे केलं, थबकलं आणि शेपटीवर खाली आलं. नाक इतकं उचलतंय म्हणजे लिफ्ट भरपूर आहे, खाली येतंय म्हणजे वजन जास्त आहे, असं निदान करून मी नाकातली माती काढून टाकली. पुढच्या फेकीला ते आणखी जोरात आपटलं.

पंखाची लिफ्ट पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीच्या आसपास काम करते. गुरुत्वमध्य त्याच्या फार मागे गेला, की वाऱ्याने नाक जरा उचललं तर लिफ्ट वाढते, वाढलेली लिफ्ट नाक आणखी उचलते, आणि शेपटीला ते आवरत नाही. म्हणून साध्या ग्लायडरचा तोल पाव ते एक तृतीयांश रुंदीवर ठेवतात आणि नाकात माती घालतात. बहुतेक प्रवासी विमानांत मागची आडवी शेपटी एरवी वर उचलत नसते, खाली दाबत असते, हेही मला तेव्हाच कळलं. तोवर मी तिला छोटा पंख म्हणत आलो होतो, आणि तीही विमान उचलायला हातभार लावते असं सांगत होतो.

पुढची चूक मला जास्त लागली, कारण तिचं सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. टेकू दिलेली तुळई किती वाकते ते तिच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणून पुलांना आय आकाराचे गर्डर लावतात. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आणि मोठ्या ग्लायडरच्या पंखात मी 10 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड पट्टी स्पार, म्हणजे पंखाचा कणा, म्हणून आडवी चिकटवली. पंखाच्या फासळ्यांवर ती छान बसत होती ना! दोरीने ओढून विमान वर चढवताना दोन्ही पंख मुळापाशी वर दुमडले आणि टाळी वाजावी तसा आवाज आला. पोरं हसली. मी फेव्हिकॉल कमी पडला असं जाहीर केलं, आणि पुढच्या पंखावर तो इतका ओतला की विमान जड झालं आणि पंख पुन्हा त्याच जागी दुमडले.

फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा. तीच पट्टी उभी लावली असती तर स्पार अकरा पट ताठ झाला असता, तेही एक ग्रॅम न वाढवता. उड्डाणात पंखाची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. ताण सर्वांत जास्त मुळाशी, टोकाला जवळजवळ शून्य. लाकूड वर आणि खाली हवं, मध्ये नुसती पातळ भिंत पुरते. आणि पंख आधी जमिनीवर मोडून पाहायचा असतो. बोइंगने 777चे पंख 1995 साली मुद्दाम मोडेपर्यंत वाकवले. प्रत्यक्ष उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसणं आवश्यक होतं, ते 154 टक्क्यांवर मोडले. मी ग्लायडरच्या पंखावर वाळूची पुडीसुद्धा ठेवून पाहिली नव्हती.

वळण्याबद्दलही मी चुकीचंच शिकवलं. शेपटीवरचा उभा रडर फिरवला की होडीसारखं विमान वळतं, असं. रडरने नाक वळतं, विमान मात्र बराच वेळ तिरकं घसरत पुढे जात राहतं. वळवायचं काम पंख करतो: विमान कलतं आणि लिफ्टचा काही भाग त्याला बाजूला ओढतो. राइट बंधूंना हे दिसलं, पण कलवताना नाक उलट दिशेला ओढलं जातं हा त्रास त्यांनाही झाला, आणि 1902च्या ग्लायडरवर त्यांनी मागचा स्थिर उभा पंख हलता केला तो त्यासाठीच. त्याच तासाला मी राइट बंधूंच्या आधी, 1895 साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं असंही छाती काढून सांगायचो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या पुस्तकाचा आधार दिला जातो ते 1904च्या आधीचं असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1974 सालीच काढला होता. अभिमानाची गोष्ट तपासायला हात धजत नाही, आणि माझा तर मुळीच धजला नाही.

रिमोटचं विमान हाती आलं तेव्हा काठी मागे म्हणजे विमान वर, असं मी मुलांना पढवलं. ते कमी वेगात खाली येऊ लागलं की मी काठी मागे ओढायचो आणि ते जास्तच पडायचं. काठीने शेपटीवरचा एलेव्हेटर हलतो, आणि तो पंखाचा कोन वाढवतो. साधारण 15 अंशांपलीकडे पंखावरची हवा सुटते, लिफ्ट कोसळते आणि विमान स्टॉल होतं. तेव्हा काठी पुढे करून कोन कमी करावा लागतो. 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर कोसळलेल्या एअर फ्रान्स 447मध्ये काठी मागेच ओढली जात राहिली होती. 228 माणसं गेली. त्या वैमानिकांशी माझी तुलना करत नाही. तिथे रात्र होती, वादळ होतं, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या होत्या. मी लख्ख उन्हात मैदानावर उभा होतो.

सगळ्यांत वाईट चूक स्नेहसंमेलनाच्या दिवशी झाली. आदल्या रात्री एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांचा, सर्व्हो (त्या हलवणारी छोटी मोटर) बदलला होता. वायर पुरत नव्हती म्हणून तो फिरवून बसवला. सकाळी विमानासमोर उभं राहून काठी हलवली, दोन्ही एलेरॉन मोकळे हलले, मी समाधानाने मान डोलावली. उड्डाणानंतर वाऱ्याने उजवा पंख उचलला. मी काठी उजवीकडे केली, विमान आणखी डावीकडे कललं. मी काठी आणखी उजवीकडे दाबली. मंडपामागच्या रिकाम्या जागेत ते नाकावर आदळलं. तिथे कुणी नव्हतं, हे निव्वळ नशीब. मुख्याध्यापकांना मी सांगितलं की वाऱ्याचा झोत आला. दुपारी अवशेष उचलताना सर्व्हो उलटा असल्याचं दिसलं, आणि तरी मी मुलांजवळ वाऱ्याचीच गोष्ट कायम ठेवली. विमान मोडल्यापेक्षा हे जास्त चुकलं. त्या वर्गातल्या कुणालाही त्या दिवशी काहीच शिकायला मिळालं नाही.

उलट जोडणीची हीच चूक मोठ्या विमानांतही झाली आहे. लँकेस्टर बॉम्बर विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक 23 ऑगस्ट 1947 रोजी चाचणी उड्डाणात गेले. त्या विमानाच्या एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या होत्या. 20 मार्च 2001 रोजी फ्रँकफर्टहून निघालेल्या लुफ्तान्साच्या ए-320मध्ये दुरुस्तीत वायरी उलटल्यामुळे कॅप्टनची काठी उलट काम करत होती. सहवैमानिकाची ठीक होती म्हणून विमान वाचलं. त्या उड्डाणाआधी नियंत्रणं तपासली होती. ती हलतात हे पाहिलं गेलं, कुठे हलतात हे पाहिलं गेलं नाही.

शाळेत एरोमॉडेलिंग सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन, की विमानासमोर उभं राहून तपासू नका. तिथून डावं-उजवं उलटं दिसतं. मागे उभे राहा, काठी डावीकडे करा, डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली गेला का ते मोठ्याने बोला, आणि तेच मुलांपैकी एकाला तुमच्याआधी तपासायला लावा. दुरुस्तीनंतर तर नक्कीच. आणि तुमच्या फळ्यावर ते दोन कण अजून एकाच वेळी पोहोचत असतील, तर उद्याच पुसून टाका.