मांडणी

तेव्हा घर दौंडला आणि नोकरी शिरूरला. 2003 साल होतं. संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून मी एका खतविक्रेत्यासाठी वेबसाइट बनवत होतो. पानावर मागणीचा अर्ज, त्यात ‘तालुका निवडा’ अशी यादी आणि तिच्या डोक्यावर मेनू. मेनू उघडला की ‘शिरूर’, ‘दौंड’ ही नावं त्याच्यातून आरपार वर यायची.

कोण वर आणि कोण खाली, हे ठरवायला झेड-इंडेक्स होता; 1998च्या सीएसएस २मध्येच तो आला होता. मी मेनूला आधी 10 दिले, मग 100, मग 9999. यादी हटली नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ६मध्ये ती यादी विंडोजच स्वतः रंगवायचं, त्यामुळे पानावरचा आकडा तिच्यापर्यंत पोचतच नसे. मेनूच्या खाली त्याच मापाची रिकामी आयफ्रेम सरकवली, तेव्हा कुठे यादी झाकली गेली. त्या रात्री दौंडला पोचेपर्यंत आनंद मनात मावत नव्हता. 2006मध्ये एक्सप्लोरर ७ आला आणि ती आयफ्रेम कायमची काढून टाकता आली.

पुढे वेगळाच पेच पडला. 9999 वाली खिडकी 2 वाल्या पट्टीखाली जाऊ लागली. त्याचं उत्तर मला आईच्या स्वयंपाकघरात सापडलं. तिच्या मांडणीत खालच्या फळीवर डब्यांची उतरंड कितीही उंच रचली, तरी तिचा सर्वांत वरचा डबा वरच्या फळीवरच्या पहिल्या डब्याच्या खालीच राहायचा. झेड-इंडेक्सचंही तसंच. आकडा मोजला जातो तो आपल्याच फळीपुरता. बाहेरच्या चौकटीला एकपेक्षा कमी ओपॅसिटी किंवा एखादा ट्रान्सफॉर्म दिला, की तिची नवी फळी तयार होते आणि आतलं सगळं तिच्यातच अडकतं.

आता दिवस सोपे आले आहेत. ‘आयसोलेशन: आयसोलेट’ लिहून हवी तिथे फळी टाकता येते. शोमोडलने उघडलेला डायलॉग सगळ्या फळ्यांच्या वर, ब्राउझरच्या स्वतंत्र थरात बसतो. मार्च 2022पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे. तिथे आकड्यांची चढाओढच उरत नाही.

तरी आजही एखादा मुलगा फोनवर विचारतो, “दादा, 9999 देऊनही वर येत नाही.” मी विचारतो, “बाहेरची चौकट कुठल्या फळीवर आहे?” तो थोडा वेळ गप्प होतो आणि मग चूक त्याची त्यालाच सापडते. ते ऐकताना मला शिरूरची ती संध्याकाळ पुन्हा भेटते.

दौंडच्या घरात ती मांडणी अजून आहे. पितळेचे डबे जाऊन स्टीलचे आले, स्टीलच्या जागी काही प्लास्टिकचेही आले. फळ्या मात्र आईने लावल्या तशाच आहेत.