स्टिअरिंग जड झालं तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी जड झाली. रस्त्यावर ठीक चालायची, पण साताऱ्यात आमच्या बोळात वळवताना स्टिअरिंग अंगातलं सगळं बळ लावून ओढावं लागे, आणि बॉनेटखालून कुँऽऽ असा रडका आवाज येई. ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं काम माझं. रिक्षात ह्यांना चढता-उतरता येत नाही. गाडी बंद म्हणजे उपचारही बंद!

एका गॅरेजवाल्याने नुसतं चाक फिरवून सांगितलं, "वहिनी, रॅक गेलाय. पूर्ण बदलावा लागेल." आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली. रात्री पाटल्या मोडायचा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू?

सकाळी हे व्हरांड्यात खुर्चीवर. हल्ली एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो. "त... तेल," म्हणाले. "आधी तेल बघ."

पुढच्या चाकांत हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं, म्हणून आधी ती पाहून घेतली. ठीक होती. मग इंजिन बंद ठेवून, पदर घट्ट खोचून बॉनेट उघडलं. (बायांनो, पट्ट्याजवळ जायचं तर पदर, ओढणी, वेणी आधी सांभाळा.) पट्ट्याला भेगा नव्हत्या, तो सैलही नव्हता. पण स्टिअरिंगच्या डबीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली! इंजिन सुरू करून लांबूनच पाहिलं, तर तेलावर फेस.

नळाला पाणी कमी आलं की आपली मोटर हवा ओढून कशी रडते? अगदी तेच. चाक वळवायचा भार पंपाने दाबलेलं तेल उचलतं. त्यात हवा शिरली की तो भार आपल्या हातांवर.

नुसतं तेल ओतून भागत नाही. हे तेल जळत नसतं, कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंच. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे दोन लाल डाग! वर बोट नेत गेले, तर डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप कडक झालेला, क्लिप ढिली.

दुसऱ्या मिस्त्रीला जागा दाखवली. त्याने पाइप आणि क्लिपा बदलल्या, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल भरलं. पुढची चाकं घोड्यांवर उचलून, इंजिन बंद ठेवून, मलाच स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावलं. बुडबुडे येत, तेल उतरे, की तो भर घाली. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. "टोकाला दाबून धरू नका काकू, पंपावर ताण येतो." खर्च साडेअकराशे रुपये. पाटल्या हातातच राहिल्या.

हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत मात्र हे काम विजेच्या मोटरवर चालतं. त्यात तेल शोधत बसू नका; समोर दिवा लागून स्टिअरिंग जड झालं, तर बॅटरी आणि वायरिंग तपासायला सांगा. आणि वाटेतच जड झालं तर घाबरू नका. जोर लावला की चाकं वळतात. वेग कमी करून गाडी कडेला घ्या.

घरी आले तर हे दारातच. "तेल?"

"तेलच!"

सोमवारी बोळातून गाडी मागे घेताना ह्यांनी डावा हात खिडकीबाहेर काढला आणि पूर्वीसारखे सांगू लागले, "ये... ये... बस."