बेट

आमच्या लोधिवलीच्या परसात बांबूचं बेट होतं. “बेटात हात घालू नकोस, जनावर असतं,” आजी बजावायची. भूगोलाच्या पुस्तकात चारी बाजूंना पाणी असलेलं बेट भेटलं, तेव्हा यात बांबू कुठे, असाच प्रश्न मला पडला होता.

बारावीनंतर इथल्या कुठल्याच यादीत नाव लागलं नाही. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकला आणि २००३ मध्ये मी मॉरिशसला, बेल रिव्हच्या एसएसआर मेडिकल कॉलेजात पोचलो. ते बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. आपल्या रायगड जिल्ह्यात तशी तीन सहज मावतील. पहिला पेशंट मीच ठरलो. भारतातून आलेला, म्हणजे मलेरिया घेऊन आला असेल, म्हणून आरोग्य खात्याचा माणूस बोटाला सुई टोचायला आला. १८६७ च्या साथीत त्या बेटाने हजारो माणसं गमावली होती. ते विसरलं नव्हतं.

“फेर माल?” दुखतं का, हे क्रिओलमध्ये विचारायला शिकलो. सकाळी मधुमेहाने चिघळलेला ज्याचा पाय तपासायचा, तोच संध्याकाळी बसमध्ये शेजारी बसायचा. पेशंटला विसरायची सोयच नव्हती. एका आजींचं आडनाव कोकणातलं. मराठी आरतीपुरती उरलेली. “रत्नागिरी तुझ्या घरापासून किती लांब?” त्यांनी क्रिओलमध्ये विचारलं. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेले.

चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे तिथे चार वर्ग. तिसरा लागला की रस्ते ओस, विमानतळ बंद. ‘मोठ्या हॉस्पिटलात हलवा’ म्हणायला जागाच नाही. त्या रात्री वॉर्डात जेवढी माणसं, जेवढी औषधं, तेवढंच वैद्यकशास्त्र.

परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा: ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. दुसऱ्या खेपेला सुटलो आणि गावातच दवाखाना थाटला. दारावरून मुंबई-पुणे रस्ता. इथे कसलं आलंय बेट, असं वाटायचं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नाही, यंत्रं चढेनात, हेलिकॉप्टरला हवा साथ देईना. बचावपथकं चिखलातून पायी गेली. पायथ्याशी औषधांची पेटी घेऊन उभा असताना मला तिसरा वर्ग आठवला. हमरस्त्यावरून ज्या डोंगराकडे मी रोज बघत होतो, त्याच्या अंगावरची वाडी पाण्यावाचून बेट होती. मला कळायला वीस वर्षं लागली.

आजूबाजूच्या वाड्यांवरून आजही आजारी माणूस झोळीतून उतरतो. मृगाच्या आधी एक ठाकर दादा परसात येतात. “डाक्टर, एक भरीव बघून द्या, पोकळ नको. गेल्या साली मधेच तडकला.”

मी कोयता काढून देतो. ते बेटात हात घालतात, आणि माझ्या तोंडून अजूनही निघतं, “जपून, जनावर असतं.”