शेअर घेतला म्हणजे काय घेतले?

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेअर हा शब्द मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून आला नाही. तो उसाच्या गाडीबरोबर आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 साली सुरू झाले. पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. ज्याच्या रानात ऊस, त्याने शेअर घ्यायचा आणि सभासद व्हायचे. दिवाळीला सभासदाच्या घरी सवलतीच्या दराची साखर यायची. आमच्या वस्तीत ती येत नसे. माझे वडील ऊस तोडायला जात. ऊस लावायला त्यांच्याकडे रान नव्हते. त्यामुळे लहानपणी मला शेअर म्हणजे साखरेचे कार्डच वाटायचे.

मागच्या वर्षी आमच्या थोरल्याने, तो एमआयडीसीत फिटर आहे, मोबाईलवर डीमॅट खाते उघडले आणि एका कंपनीचे दहा शेअर घेतले. घरात चर्चा सुरू झाली. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न असा विचारला की त्याला उत्तर देता येईना.

"बाळा, पैसे दिलेस ते दिलेस. पण हातात काय आलं?"

"आजी, मी कंपनीचा मालक झालो."

"मग उद्या जाऊन एखादं मशीन घेऊन ये."

वाचक भगिनींनो, आपण हसलो तरी प्रश्न खरा आहे. कंपनीचे एक लाख शेअर असतील आणि त्यातले दहा आपले असतील, तर दहा हजारांतला एक हिस्सा आपला. पण म्हणून फाटकावरचा वॉचमन आपल्याला आत सोडणार नाही. इमारत, यंत्रे, जमीन ही कंपनीच्या नावावर असतात. आपल्याकडे येतो तो नफ्यातला वाटा, तोही संचालक मंडळाने शिफारस केली आणि सभेने मंजूर केला तर. त्याला लाभांश म्हणतात. दुसरे येते ते सभेतले मत. आणि कंपनी बुडाली तर शेअरचे पैसे जातात, पण कंपनीच्या कर्जापायी आपल्या घरातले भांडे कोणी उचलून नेत नाही.

मताची गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. सहकारी कारखान्यात एका सभासदाचे एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. कायद्याने लाभांशही 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. कंपनीत उलटे आहे. तिथे माणसाला मत नसते, शेअरला असते. ज्याचे दहा त्याची दहा मते, ज्याचे दहा लाख त्याची दहा लाख. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य मानू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एक माणूस एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. कंपनीच्या सभेत ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. पण सहकाराची तरफदारी करताना हेही सांगायला हवे, की समान मताच्या त्या घराचा उंबरठा उसाच्या रानाचा होता. भूमिहीन माणूस आत मजूर म्हणून गेला, सभासद म्हणून नाही. दहा शेअर घेताना मात्र पोराला सातबारा कोणी मागितला नाही. पॅनकार्ड, आधार आणि बँकेचे खाते, एवढ्यावर काम झाले.

जातही कोणी विचारली नाही. याचे महत्त्व ज्याला बाबासाहेबांची पेढी ठाऊक आहे त्यालाच कळेल. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. 1918 साली ते सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आपल्या घरांत ही हकिकत फारशी सांगितली जात नाही. का कोण जाणे. शेअर हा विषय आपला नाही असे आपणच ठरवून टाकले असावे.

घरातला दुसरा वाद याहून अवघड निघाला. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची कंपनी 1933 साली साखर कारखाना म्हणून निघाली. आज ती ब्रँडीसाठी ओळखली जाते आणि तिचा शेअर बाजारात मिळतो. पोरगा म्हणाला, आपल्या जिल्ह्यातलीच कंपनी आहे, तिचेही घ्यावेत. सासूबाईंनी जप थांबवला. "रोज पंचशील म्हणायचं आणि दारूच्या धंद्यात भागीदार व्हायचं?" पोरगा म्हणाला, माझ्या दहा शेअरने दारू वाढणार की थांबणार? त्याचे गणित बरोबर होते. तरी मी सासूबाईंच्या बाजूची. भगवान बुद्धांनी उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात मद्याचा व्यापार आहे, आणि हिस्सा लहान असला तरी मालकी ती मालकीच. नफ्यात वाटा मागायचा तर धंदाही आपला म्हणायला हवा. त्याने ते शेअर घेतले नाहीत.

हे सगळे समजून घेण्याची निकड मला शेवगावकडच्या बातम्यांमुळे वाटली. 2024 साली शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावावर महिन्याला मोठा परतावा देतो असे सांगून पैसे गोळा करणारे अनेक जण पसार झाले. लोक म्हणतात, शेअरमध्ये पैसे बुडाले. माझ्या मते ते शेअर नव्हतेच. शेअर घेतला तर तो आपल्या नावाच्या डीमॅट खात्यात दिसतो आणि बाजारात विकता येतो. इथे लोकांनी एका माणसाच्या हाती पैसे दिले आणि बदल्यात त्याचा शब्द घेतला. आणि कोणत्याही शेअरवर दरमहा ठरलेला परतावा नसतो. भाव पडतो, लाभांश चुकतो. आमच्या महिला मंडळात कोणी असा आकडा घेऊन आला, तर मी एकच विचारते, "ताई, नाव कुणाच्या खात्यात लागणार?"

यजमानांना मात्र एकच गोष्ट ऐकायची होती. ज्या कारखान्यात त्यांची उमेद गेली तो बंद पडला तेव्हा पगार थकले होते. 2016 च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर त्या प्रक्रियेचा खर्च निघाल्यावर कामगारांचे आधीच्या 24 महिन्यांचे थकलेले पैसे आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका एकाच पायरीवर येतात. मग बाकीची देणी. भागधारक सगळ्यांच्या शेवटी, काही उरलेच तर. हे वाचून दाखवले तेव्हा ते पोराला म्हणाले, "म्हणजे रांगेत मी तुझ्या पुढं."

परवा कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना मोबाईलवर आली. संचालकांच्या मानधनाचा ठराव होता. पोरगा म्हणाला, दहा मतांनी काय होणार. सासूबाईंनी चष्मा लावून सगळा ठराव त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, मानधनाचा आकडा दोनदा विचारला, आणि मग म्हणाल्या, "नको म्हण." त्याने दहाही मते विरोधात टाकली.