शूशू, इथे 'अबाउट' येतं का?

चिनी भाषेत काकांना 'शूशू' म्हणतात, हे मला इचलकरंजीत कुणी सांगितलं नव्हतं. २००२च्या सप्टेंबरात कछ्याओतल्या माझ्या खोलीवर टकटक झाली. दार उघडलं तर सतरा वर्षांची एक मुलगी हातात कागद घेऊन उभी, आणि अदबीनं म्हणते काय, तर 'शूशू'! मी मुकाट्यानं बाथरूमकडे बोट दाखवलं. ती बिचारी आणखीच गोंधळली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या घरमालकिणीला, गल्लीतली पोरं 'आयी' म्हणायची. त्याचा अर्थ मावशी. अशा देशात पुढची सात वर्षं काढायची होती.

कछ्याओ म्हणजे शाओशिंगला लागून असलेलं कापडाचं गाव. इचलकरंजी, भिवंडी आणि सुरत एकावर एक रचली तर जेवढा बाजार होईल, तेवढा तिथला बाजार. आम्ही बरेच भारतीय तिथे होतो. कापड बघायचं, मीटर मोजून घ्यायचे, रेट पाडायचा, कंटेनर भरायचा. इंग्रजीचं म्हणाल तर माझी एबीसीडी पाचवीत सुरू झालेली, आणि वडिलांच्या ट्रंकेतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अर्धी वाचलेली. इंग्रजी येत होतं म्हणजे काय, तर अडत नव्हतं.

पोरीच्या कागदावर एक वाक्य होतं, मध्ये रिकामी जागा, खाली चार पर्याय. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' येतं की 'ऑन', की काहीच नाही? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, 'अबाउट'. 'लेट अस डिस्कस अबाउट द रेट' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत होतो, आणि समोरचा माणूस लगेच कॅल्क्युलेटर काढत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. शाळेच्या उत्तरात म्हणे काहीच येत नाही. 'डिस्कस'ला शेपूट लागत नाही. तिनं हे इतक्या हळू आवाजात सांगितलं, जणू चूक तिचीच होती.

इथून आमची गंमत सुरू झाली. तिला व्याकरण सगळं येत होतं आणि बोलता एक वाक्य येत नव्हतं. माझं बरोबर उलटं. क्रियापदाला 'आयएनजी' कधी लागतो आणि 'टू' कधी, याचे तिच्याकडे तक्ते होते. अमुक क्रियापदांनंतर हे, तमुकांनंतर ते, आणि पाचसहा अशी की दोन्ही चालतात पण अर्थ फिरतो. तिनं ते पावकीच्या पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, 'हाऊ आर यू?' ती ताठ उभी राहून म्हणाली, 'फाइन, थँक्यू, अँड यू?' तिच्या पिढीच्या कुठल्याही चिनी माणसाला विचारा, हेच उत्तर याच चालीत येणार. त्यांच्यात एक विनोदच आहे: अमेरिकेत एक चिनी माणूस खड्ड्यात पडतो, वरून पोलीस विचारतो हाऊ आर यू, आणि हा खालून म्हणतो, फाइन, थँक्यू, अँड यू. पोलीस निघून जातो.

ती काओसानमध्ये होती, म्हणजे आपली बारावी. वर्षाच्या शेवटी गाओकाओ, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. ७५० गुणांत इंग्रजीचे १५०, गणिताइतकेच. पर्याय निवडायचे पंधरा प्रश्न तर होतेच, पण मला खरा आवडला तो 'उतारा दुरुस्त करा'. दहा ओळी. जवळजवळ प्रत्येक ओळीत एक चूक. कुठे एक शब्द जास्त, कुठे एक गाळलेला, कुठे काळ चुकलेला. आणि दहातली एखादी ओळ निर्दोष, तिच्यापुढे नुसती बरोबरची खूण करायची. ती म्हणायची, चुकीच्या ओळी सापडतात, बरोबर ओळ सापडत नाही. इतका वेळ चुका शोधल्यावर चांगल्या ओळीवरही विश्वास बसत नाही. मी कापडाचा माणूस, मला हे लगेच पटलं. थानातले डाग बघून बघून कोऱ्या कापडावरही डाग दिसायला लागतात.

तिच्या अडचणी मला समजायच्या, कारण त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या. चिनीत 'स्वेरान' म्हटलं की पुढे 'तान्श' यायलाच हवं. आपलं जरी-तरी. इंग्रजीत मात्र 'ऑल्दो' आलं की 'बट' घ्यायचं नाही. तर्खडकर वाचूनही माझा हा 'बट' कधी सुटला नाही, तिचाही सुटत नव्हता. 'अ' आणि 'द'चा घोळ आम्हा दोघांना सारखाच, ना मराठीत तसलं काही, ना चिनीत. तिची अवघड जागा मात्र वेगळी होती. चिनीत क्रियापदाचं रूप बदलतच नाही, काल गेला काय आणि उद्या जाणार काय, क्रियापद तेच. शिवाय 'तो' आणि 'ती' दोन्हींचा उच्चार 'था'. त्यामुळे माझ्या बायकोबद्दल ती नेहमी 'ही' म्हणायची. फोनवर एकदा हिनं ते ऐकलं आणि बराच वेळ हसत राहिली.

शब्दांचं कारखान्यासारखं काम चालायचं. गाओकाओच्या शब्दांची यादी लांबलचक. तशा बऱ्याच याद्या 'अबँडन'पासून सुरू होतात. अर्थ, सोडून देणे. पोरं पहिल्या दिवशी हाच शब्द पाठ करतात आणि बरीचशी तिथेच सोडून देतात. हा विनोद त्यांचा, माझा नाही. तिच्या पुस्तकाची पहिली दोन पानं काळी पडली होती, पण तिच्या बाबतीत शेवटचीही काळीच होती. पाठांतराच्या युक्त्या तर अशा की आपल्या पंतांनी मोरोपंती यमकं विसरावीत. 'इकॉनॉमी' म्हणजे 'ई-खाओ-नोंगमिन', शेतकऱ्यावर अवलंबून. 'अँब्युलन्स' म्हणजे 'आन-पू-नंग-स', मी मरणार नाही. 'पेस्ट', म्हणजे उपद्रवी किडा, तो 'फाय-स-था', चापट मारून ठार करा. त्याहून लहान पोरं शब्दाखाली चिनी अक्षरं लिहून उच्चार धरायची, त्यात 'बस'ला 'बाप मेला' आणि 'यस'ला 'आजोबा मेले' असं होऊन बसायचं. वर्गात इंग्रजीचा तास झाला की निम्मं घर साफ.

पहाटे सहाला ती गच्चीवर जाऊन ओरडायची. ली यांगच्या 'क्रेझी इंग्लिश'ची लाट तेव्हा ओसरली नव्हती. इंग्रजी जोरात, अगदी घसा फाडून बोललं की लाज जाते, असा त्याचा मंत्र. खाली मी दाढी करत असायचो आणि वरून कंडिशनल वाक्यं कोसळायची. दुपारी तिच्या कानाशी 'फूदूजी', म्हणजे एक टेपरेकॉर्डर, ज्याचं एक बटण दाबलं की शेवटची काही सेकंदं पुन्हापुन्हा वाजतात. श्रीमंत मैत्रिणीकडे 'वनछूशिंग' होता, खिशातला इलेक्ट्रॉनिक शब्दकोश. नाव विद्येच्या ताऱ्याचं, पण मुलं त्यावर टेट्रिस खेळायची.

तिचे वडील हे सगळं कौतुकानं बघायचे. त्यांच्या वेळी गाओकाओत इंग्रजीचे गुण पूर्ण धरायलासुद्धा १९८३ साल उजाडलं होतं. त्याआधी थोडेथोडे टक्के वाढवत नेले होते. १९८२मध्ये बीबीसीची 'फॉलो मी' मालिका चिनी टीव्हीवर आली, तेव्हा गिरणीच्या हॉलमधल्या एका टीव्हीसमोर सगळी पाळी जमायची म्हणे. त्यातलं किती कळलं, विचारलं. म्हणाले, गोऱ्या बाईचे कपडे कळले.

शाओशिंग हे लू श्युनचं गाव. त्याच्या 'खोंग ईची' या कथेतला नापास पंडित दारूच्या गुत्त्यात उभा राहून 'ह्वेई' हे एकच अक्षर चार तऱ्हांनी लिहिता येतं याची फुशारकी मारतो, आणि शेवटी त्याची उधारी तशीच राहते. पोरीचे मास्तर स्वतःच वर्गात ही गोष्ट सांगून म्हणायचे, आपण तेच करतोय, चला पुढचा प्रश्न.

२००३ची गाओकाओ पहिल्यांदाच जुलैऐवजी जूनमध्ये झाली, आणि त्यात सार्सची साथ. दारात तापमान मोजून आत सोडत होते. ८ तारखेला दुपारी इंग्रजीचा पेपर. ऐकण्याच्या प्रश्नांच्या वेळी शाळेजवळचे हॉर्न बंद, बांधकामं बंद. एरवी रात्रंदिवस खडखडणाऱ्या गावात मला पहिल्यांदा चिमण्यांचा आवाज ऐकू आला. गुण चांगले पडले. ती शिकून इंग्रजीची शिक्षिका झाली, एका खाजगी क्लासमध्ये.

मी २००९ला परत आलो. पुन्हा गेलो ते एप्रिल २०२५मध्ये, बँकॉकमार्गे, कारण तेव्हा भारतातून थेट विमान नव्हतं. कछ्याओ आता शाओशिंगचा जिल्हा झालंय, खाली मेट्रो धावते. पोरीचा मुलगा काओईत, म्हणजे अकरावीच्या मागचा वर्ग. तो मला 'येये' म्हणाला, आजोबा. शूशूपेक्षा बरं, पण वय सांगून गेला.

त्याच्या टेबलावर एकही फाटकं पुस्तक नव्हतं. शब्द फोनवर येतात, चित्रांसकट, आणि कुठला शब्द कधी विसरायला होईल हे ॲपलाच ठाऊक असतं, त्याच दिवशी ते पुन्हा विचारतं. एक जाड पेन आहे, ओळीवरून फिरवलं की वाचून अर्थ सांगतं. अडलं की तो 'दोउबाओ'ला विचारतो, म्हणजे त्यांच्या एआयला. नावाचा अर्थ गोड पुरण भरलेला पाव. शेजारच्या परदेशी काकांचं दार वाजवायची गरज उरलेली नाही. परीक्षाही बदलली. २०१६पासून त्यांच्या प्रांतात पंधरा प्रश्नांचा तो चौपर्यायी भाग उडाला, उतारा दुरुस्तीही उडाली. रिकाम्या जागा आता एका सलग उताऱ्यात दहा, पर्याय न देता. इंग्रजी वर्षातून दोनदा देता येतं, चांगला गुण धरतात. आणि एक नवीच गोष्ट आली: अर्धी कथा वाचायला देतात, उरलेली दीडशे शब्दांत तुम्ही लिहायची, २५ गुण. मला हे ऐकून फार आनंद झाला. म्हटलं, आमच्या पोरीला हे हवं होतं.

मग त्यानं पाठ केलेला कागद दाखवला. भीती वाटल्यावर लिहायची वाक्यं वीस, आनंदाश्रूंची पंधरा, मिठीची दहा. कथा कुठलीही असो, हरवलेलं कुत्रं किंवा बर्फातला मोटरसायकलवाला, शेवटी ऊन पडतं आणि सगळे एकमेकांना मिठी मारतात. अक्षरही बघण्यासारखं. छापल्यासारखी गोल, एका उंचीची इंग्रजी अक्षरं, हबेईतल्या हंगश्वेच्या नावानं ओळखतात तसली. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, म्हणून पोरं हे वळण गिरवून गिरवून काढतात. त्याच्या आईचं अक्षर तिरकं होतं, वाक्याच्या शेवटी थकलेलं कळायचं. ह्याच्या अक्षरावरून काहीच कळत नाही.

एक माणूस तेवढा दोन्ही काळांत तसाच आहे: ली ह्वा. इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहायचं ते नेहमी याच्या नावानं. १९९०च्या दशकापासून हा मुलगा परदेशी मित्रांना पत्रं लिहितोय, आमंत्रणं देतोय, माफी मागतोय, आणि अजून त्याला एक पत्र स्वतःचं स्वतः लिहिता येत नाही. आई आणि मुलगा दोघांनी त्याची पत्रं लिहून दिलीत.

आईचा क्लास २०२१मध्ये बंद पडला. त्या जुलैत सरकारनं शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर निर्बंध आणले. मोठ्यामोठ्यांची तीच गत, न्यू ओरिएंटल या शिकवण्यांच्या कंपनीनं साठ हजार माणसं कमी केल्याचं तिचे संस्थापक यू मिनहोंग यांनी स्वतः सांगितलं. स्वतः दोनदा गाओकाओत नापास होऊन तिसऱ्यांदा पेकिंग विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिरलेला हा माणूस. पुढच्या वर्षी त्याच्याच कंपनीतले तोंग यूह्वेई हे इंग्रजी शिक्षक कॅमेऱ्यासमोर तांदूळ आणि मांस विकता विकता फळ्यावर शब्द लिहायला लागले आणि रातोरात देशभर गाजले. आमच्या पोरीनं तेच पाहून धडा घेतला. ती आता मोबाइल समोर लावून लाइव्हमध्ये पडद्याचं कापड विकते, इंग्रजीत, आफ्रिकेतल्या आणि अरब देशांतल्या गिऱ्हाइकांना. मी शेजारी बसून ऐकलं. 'ऑल्दो'नंतर सर्रास 'बट' म्हणत होती. गिऱ्हाईक कॅल्क्युलेटर काढत होतं.

मुलाचं इंग्रजी तिच्या तेव्हाच्या इंग्रजीपेक्षा सरस आहे, हे मान्यच करायला हवं. उच्चार स्वच्छ, वाक्य पूर्ण. पण गप्पा तो माझ्याशी चिनीतच मारत होता, आणि माझं चिनी अडलं की फोन पुढे करत होता. फोन मराठीतून बोलायचा. 'मला इंग्रजी हवंय ते जूनपुरतं,' तो म्हणाला, फोनमधून, शुद्ध मराठीत. त्याच्या वर्गातल्या काहींनी तर गाओकाओसाठी इंग्रजी सोडून जपानी धरलंय, गुण सोपे पडतात म्हणून.

निघायच्या आदल्या रात्री आयीनं माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात लेकीची जुनी चुकांची वही होती. चुकलेला प्रश्न कापून चिकटवायचा, शेजारी बरोबर उत्तर, खाली कारण. मुलगा पानं उलटत होता. एका पानावर थांबला, हसला, मग मला वाचून दाखवलं. 'डिस्कस'चा तोच प्रश्न, पिवळा पडलेला. खाली आईच्या तिरक्या अक्षरात चिनीतून लिहिलेलं: भारतीय शूशू 'अबाउट' म्हणतात. परीक्षेत लिहायचं नाही. समोरच्याला कळतं.

"तुम्ही अजून तसंच म्हणता?" त्यानं विचारलं. या वेळी इंग्रजीत, फोन खाली ठेवून.

"कालच म्हणालो. बाजारात, रेटसाठी."

"मग?"

"मीटरमागे दोन युआन कमी केले."